वीस फुटांखालचं पाणी

राजेश्वरी इंगळे हिने आयुष्याची बावीस वर्षं पंप काढले. काढले म्हणजे कागदावर. गुजरातेत, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ती ड्राफ्ट्समन होती. बाई असली तरी हुद्दा तोच, कारखान्यात दुसरा शब्दच नव्हता. सकाळी साडेआठला ती बोर्डापुढे उभी राहायची, पेन्सिलीला टोक काढायची आणि पंपाच्या पोटातली चाकं, पाती, नळ्या, वायसर असं सगळं केसाइतक्या बारीक रेघांनी कागदावर उतरवायची. तिच्या कागदावरून साचे व्हायचे, साच्यांवरून पंप व्हायचे, आणि ते पंप कुठे अंजारला, कुठे धुळ्याला जाऊन पाणी ओढायचे. पण ते पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं. पंप चालवून बघायची शेड आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, आणि तिकडे जायचं तिला कधी कामच पडलं नाही.

मग कॉम्प्युटर आले. दोन हजार साली ड्रॉइंग ऑफिस बंद झालं, सहाही बोर्ड एका हातगाडीवर रचून कुणीतरी घेऊन गेलं, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी राजेश्वरी घरी बसली. घर म्हणजे दांडिया बाजारातल्या एका बोळात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लग्न झालं नव्हतं. आधी आईचं आजारपण, मग वडिलांचं, मग वय. वडील प्रतापसिंहराव गेले त्याला आता दोन वर्षं झाली होती. भाऊ राजवर्धन पुण्यात, त्याच्या संसारात. डिप्लोमाची मुलं तिच्याकडे शीटं काढून न्यायला यायची. दारातच कागद द्यायची, दारातूनच न्यायची. त्यावर तिचं भागत होतं.

भागत होतं, पण बोलणं होत नव्हतं. एके दिवशी संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण तोंडातून फक्त दोन शब्द काढले: ‘पाव किलो’. तेही भाजीवालीला दोनदा सांगावे लागले, कारण पहिल्या वेळी आवाज फुटलाच नाही. घशाला काही झालं असेल म्हणून तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. घशाला काहीच झालेलं नव्हतं.

बोळाच्या तोंडाशी विश्वंभर पाटलाचं वेल्डिंगचं दुकान होतं. जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे असलं काम. हा माणूस यावलकडचा, रिफायनरीत ठेकेदाराकडे वेल्डर म्हणून आलेला आणि नंतर इथेच राहिलेला. बायको, दोन मुलं गावी आईपाशी होती. हा दुकानाच्याच मागे कॉट टाकून राहायचा. फाटकाची नक्षी कागदावर काढून घ्यायला तो कधीमधी राजेश्वरीकडे यायचा.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात तो असाच आला, पण हातात नक्षी नव्हती, गुजराती वर्तमानपत्राचं कात्रण होतं.

“ताई, हे वाचा बरं.”

एका गुजराती चॅनेलची जाहिरात होती. ‘कबाडनो कमाल’. तिघांचा एक संघ, आठ तास, समोर भंगाराचा ढीग. त्यातून सांगतील ते यंत्र उभं करायचं. कारखानदार नकोत, हौशी माणसं हवीत.

“मग भरा की नाव,” राजेश्वरी म्हणाली.

“मी भरतोच आहे. आपले भास्करराव आहेत, रेल्वेच्या डिझेल शेडमधून रिटायर झालेले, ते पण तयार आहेत. पण आम्ही दोघं हाताची माणसं. काय करायचं ते कुणी मांडून दिलं पाहिजे ना. एक डोकं कमी पडतंय.”

“मी कधी पान्हासुद्धा धरला नाही, विश्वंभरभाऊ.”

“पान्हा आम्ही धरू. तुम्ही खडू धरा.”

तिने नाही सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा टाकायच्या निमित्ताने ती दुकानावरून दोनदा गेली, आणि दुसऱ्या फेरीला आत शिरून म्हणाली, “फॉर्मवर सही कुठे करायची?”

मग रविवार सुरू झाले. दुकानामागच्या मोकळ्या जागेत तिघं सकाळी नऊला जमायचे. विश्वंभर कुठून कुठून भंगार आणायचा, मोडके कूलर, सायकलींचे सांगाडे, एकदा तर एक अख्खं चक्रीवालं शिवणयंत्र, आणि त्यातून काहीतरी चालतं करून बघायचं. भास्करराव त्रेसष्ट वर्षांचे, जाड काचांचा चष्मा, शिस्तीचा माणूस. पहिल्याच रविवारी त्यांनी राजेश्वरीच्या हातात एक गंजलेला नट दिला आणि तो सोडवायला लावला. अर्धा तास गेला. हाताची साल निघाली.

“बाई, कागदावर नट कधी गंजत नाही,” ते म्हणाले. “म्हणून तुम्हाला वाटतं, सोडवला की सुटतो.”

नट सुटला तेव्हा तिघंही हसले, आणि तो हसण्याचा आवाज तिला घरी गेल्यावरही पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला.

दुपारी कोपऱ्यावरून सेव-उसळ यायची. पाव बुडवून खाताना भास्करराव बोलायचे. “माझ्या घरात अकरा माणसं. अकरा! पण मी कोपऱ्यातला. नातवंडांना वाटतं आजोबा म्हणजे फॅन बंद करणारा माणूस.” विश्वंभर गावाकडच्या फोनबद्दल सांगायचा. धाकटा पोरगा फोनवर काका म्हणाला होता त्याला. तो हे हसत सांगायचा, पण पाव तसाच हातात राहायचा. राजेश्वरी फारसं सांगायची नाही. ऐकायची. मात्र शुक्रवारपासून तिचं सगळं रविवारच्या रोखाने चालायचं: कुठला पातळ मळला तर चालेल, लसणाची चटणी न्यायची की शेंगदाण्याची. असे सात रविवार झाले.

शूटिंग फेब्रुवारीत, करजणच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानावर होतं. समोरचा संघ करजणचाच, तीन भाऊ, मोटरी भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटरींना नवी तार गुंडाळायचं, गॅरेज असलेले. थोरल्याचं नाव श्रीपतराव. मैदानात एकेका संघाला एकेक खड्डा खणून दिला होता, वीस फूट खोल, तळाला पाणी सोडलेलं. शेजारी आठ फूट उंच मचाण आणि वर टाकी. खड्ड्यातलं पाणी टाकीत चढवायचं यंत्र करा. पाच वाजता पंधरा मिनिटं ते चालेल, ज्याचं पाणी जास्त तो जिंकला.

पंप! राजेश्वरीला वाटलं, कुणीतरी मुद्दाम आपल्यासाठीच हे काढलंय.

कार्यक्रमाचा सूत्रधार, चकचकीत जाकिटातला एक तरुण, तिच्यापुढे माइक धरून म्हणाला, “अने बेन, तमे शुं लाव्यां छो? नास्तो?” बाई खायला काय घेऊन आल्या, असा टोमणा होता तो. सगळे हसले. तीही हसली, सवयीने.

ढिगात एका जुन्या घरघंटीची मोटर मिळाली. दळणाची धूळ अजून तिच्या फटींत होती, पण ती फिरत होती. भास्कररावांनी लगेच ठरवून टाकलं. “मोटर वर, पंप वर, पाइप खाली सोडा. खेचून घेईल पाणी.”

“नाही खेचणार,” राजेश्वरी म्हणाली.

“का नाही?”

“वीस फूट वरून ओढायचं म्हणजे एकही सांधा सैल असून चालणार नाही. आपले सगळे सांधे भंगारातले. हवा घेणार, पंप पाणी पकडणारच नाही. पंप खाली पाण्यात ठेवायचा, मोटर वर, आणि मधे वीस फुटांचा शाफ्ट.”

“वीस फुटांचा शाफ्ट आठ तासांत? बाई, मी अडतीस वर्षं इंजिनं जोडली आहेत!”

“मी बावीस वर्षं पंप काढलेत.”

कॅमेरा जवळ आला. दिग्दर्शकाने हात वर केला. भांडण छान चाललं होतं, त्याने तिला तेच वाक्य पुन्हा जरा मोठ्याने म्हणायला सांगितलं. त्याबरोबर तिचा आवाजच गेला. माणसं थांबून आपल्याकडे बघताहेत हे जाणवलं आणि ती खाली बघत उभी राहिली. भास्कररावही ओशाळले.

विश्वंभरने खडू तिच्या हातात दिला. “ताई, काढा.”

ती सिमेंटच्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि काढू लागली. वर्तुळ, त्यात पाणी शिरायचा मधला डोळा, त्याभोवती मागे वळलेली सहा पाती. हात कुठेही अडखळला नाही. भास्करराव कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि मग शाफ्टसाठी पाइप शोधायला गेले.

पुढचे सहा तास कसे गेले ते तिला नीट सांगता आलं नसतं. ट्रकच्या ब्रेक ड्रमचा पंपाला डबा झाला. कपाटाच्या दारातून विश्वंभरने पाती कापली, वाकवली, जोडली. शाफ्टला दर पाच फुटांवर सायकलचे बुश बसवले. तिच्या साडीला ग्रीस लागलं, कोपराला ठिणगी लागली, आणि कुणीतरी “राजूताई, धरा!” म्हणालं की ती धरत होती. चार वाजता त्यांनी ते लांबलचक धूड दोराने खड्ड्यात सोडलं आणि भास्कररावांनी बटण दाबलं.

मोटर घुमली. शाफ्ट थरथरला, पण फिरला. पाण्यासाठी त्यांनी एक पारदर्शक नळी लावली होती. तिच्यातून पाणी वर येताना दिसलं. पाच फूट, आठ फूट, दहा. आणि तिथेच थांबलं. मोटर फिरत होती, पाणी मधेच डुलत होतं, ना वर ना खाली.

“गळतंय कुठेतरी,” विश्वंभर म्हणाला.

राजेश्वरी फरशीवरच्या खडूच्या चित्राकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं. चित्र तिने वरून बघितल्यासारखं काढलं होतं. विश्वंभरने चाक जोडताना ते पालथं घातलं, पाती खालच्या तोंडाकडे करून. तेच चित्र खालून बघितलं की उजव्याचं डावं होतं. चाक उलटं फिरत होतं. कारखान्यात प्रत्येक चाकाच्या कागदावर फिरण्याच्या दिशेचा बाण काढायचाच, असा नियम होता. बावीस वर्षांत ती एकदाही तो विसरली नव्हती. इथे कागद नव्हता, आणि बाण राहून गेला.

“चूक माझी,” ती म्हणाली. कॅमेरा समोरच होता. “बाण काढायचा राहिला. चाक उलटं फिरतंय.”

“आता सगळं वर काढायचं?” विश्वंभरने घड्याळाकडे बघितलं. अर्धा तास उरला होता.

“चाकाचं सोडा,” राजेश्वरी म्हणाली. “चाक आहे तसंच राहू दे. मोटर उलटी फिरवता येईल? भास्करराव?”

भास्कररावांचा चेहरा उजळला. “येईल की! स्टार्टिंगच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं!” आणि त्या माणसाने चष्मा कपाळावर सारून दहा मिनिटांत मोटरचं झाकण उघडलं, वायरी फिरवल्या, झाकण लावलं.

पुन्हा बटण. पाणी दहा फुटांशी आलं, थांबलं नाही, पंधरा, वीस, मचाणाच्या कडेवरून वर गेलं आणि टाकीत धो धो पडू लागलं.

राजेश्वरी शिडीवर चढली. कुणी सांगितलं नव्हतं. तिने हात पाण्याखाली धरला. पाणी मातकट होतं, त्यात ग्रीसचा तवंग होता, आणि त्याचा जोर एवढा होता की मनगट मागे ढकललं जात होतं. हा जोर तिने आकड्यांत हजारदा लिहिला होता. तो असा लागतो हे तिला ठाऊक नव्हतं. खालून विश्वंभर शिट्टी मारत होता. ती उतरेना.

ते हरले. करजणच्या भावांनी दोन पंप लावले होते आणि त्यांची टाकी कधीच भरून वाहत होती. पण निकालानंतर थोरला श्रीपतराव खड्ड्यापाशी आला, वाकून बघत बसला आणि मराठीत म्हणाला, “ही पाती कुणी काढली? बाई, तुम्ही? करजणला आलात तर गॅरेजवर या. स्टँडच्या मागेच आहे.”

टेम्पोतून परतताना तिघंही गप्प होते, पण ते गप्प बसणं तिला एकटीचं वाटलं नाही.

कार्यक्रम एप्रिलमध्ये दाखवला, शनिवारी संध्याकाळी साडेसातला. तिघांनी एकत्र बघायचं ठरलं होतं. पण विश्वंभर बायकामुलांना आणायला गावी गेला. शूटिंगनंतर त्याने मनावरच घेतलं होतं, आणि दोन खोल्याही बघितल्या होत्या. भास्कररावांच्या घरी सगळे पाहुणे जमणार होते. “तुम्ही पण या ना,” ते म्हणाले, पण ते स्कूटरवरून, गाडी सुरू असताना म्हणाले.

तिने एकटीने बघितलं. भांडण दोनदा दाखवलं, मागे ढोल वाजवून. खडूचं चित्र नव्हतंच. ‘चूक माझी’ होतं. तिचा चेहरा अख्ख्या पडद्यावर, आणि सूत्रधाराचा आवाज: बेनची एक भूल आणि सगळी मेहनत पाण्यात! मग भास्करराव वायरी बदलताना, बराच वेळ. मग पाणी. पाण्यात धरलेला एक हात दिसला, ग्रीसने काळा झालेला, मनगटापर्यंत. तो कुणाचा हे कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दूधवाला हसून म्हणाला, “राजूताई, पंखा उलटा लावलात ना तुम्ही?” ती म्हणाली, “हो.”

पुढच्या रविवारी ती सवयीने नऊला खाली उतरली. दुकानाचं शटर बंद होतं. विश्वंभर, त्याची बायको विमल आणि मुलं कमाटी बागेत गेली होती, असं पानवाल्याने सांगितलं. नंतर एकदा ती त्यांच्या खोलीवर चटणी घेऊन गेली. विमलने चहा केला, मान राखून बोलली, “हे तुमचं फार नाव काढतात” असंही म्हणाली, आणि तिचा कप रिकामा झाल्याबरोबर उचलला. धाकटा पोरगा बापाच्या पाठीवर चढला होता. विश्वंभरचं लक्ष तिकडेच होतं, आणि ते तिथेच असायला हवं होतं, हे राजेश्वरीला पटत होतं. भास्करराव एकदा बाजारात भेटले. दोन नातवंडं त्यांचं बोट धरून होती. मोठा सांगत होता, “माझ्या आजोबांनी टीव्हीवर मोटर उलटी फिरवली!” भास्कररावांनी लाजून तिच्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात धाकटीने हात ओढला.

तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. रागाला निदान कुणीतरी समोर लागतं. त्या दोघांचं एकटेपण संपलं होतं. ते संपवायला तिने हात लावला होता, आणि तिचं मात्र जागच्या जागी होतं. आधी ते तिला दिसत नव्हतं एवढंच. आता रविवार आला की नऊ वाजता दिसायचं.

मेच्या शेवटच्या रविवारी ती करजणच्या बसमध्ये बसली. कुणाला सांगायचं नव्हतंच. तासाभराने स्टँडवर उतरली तेव्हा तिला वाटलं, काय हा वेडेपणा; लोक ‘या’ म्हणतात ते म्हणायचं म्हणून. परतीची बस लागलेली होती. ती बसपर्यंत गेली, पायरीवर पाय ठेवला, मग कंडक्टरला “नाही, चुकलं” म्हणून मागे फिरली.

गॅरेज उघडं होतं. उन्हाळ्यात मोटरी जळतात, तेव्हा रविवार कसला. श्रीपतराव तांब्याच्या तारांच्या ढिगात बसले होते. त्यांनी वर बघितलं, ओळखायला थोडा वेळ लावला.

“अरे, पातीवाल्या बाई! या, या. कोण कोण आलंय?”

“मी एकटीच.”

“बरं,” ते म्हणाले आणि स्टूल पुढे सरकवलं. आणखी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी एका केळीच्या बागवाल्याचा पंप तिच्यापुढे ठेवला. चाक झिजलं होतं, तसलं आता मिळत नव्हतं. राजेश्वरीने ते हातात घेतलं, बोटांनी पात्यांची वळणं चाचपली आणि कागद मागितला. कागद नव्हता, वायरच्या खोक्याचा पुठ्ठा मिळाला. त्यावर तिने ते चाक झिजण्याआधी जसं असेल तसं काढलं, माप घातलं, आणि सगळ्यात शेवटी बाण काढला. दोन तास गेले. चहा दोनदा आला. निघताना श्रीपतराव म्हणाले, “येत जा,” आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी येऊन तिने दिवा लावला. नखांत काळं होतं. आज जे झालं ते कुणालातरी सांगावं असं तिला इतकं अनावर वाटलं की तिने पुण्याला फोन लावला.

“काय झालं, ताई?” राजवर्धनचा आवाज घाबरलेला. “बरी आहेस ना?”

“मी बरी आहे. झालं काहीच नाही. आज एक पंप...” ती सांगू लागली. चाक, झीज, पुठ्ठा. तिला नीट सांगता येत नव्हतं. पलीकडे कुणीतरी गाडीची किल्ली विचारत होतं.

“ताई, आम्ही जरा बाहेर निघालोय. नंतर करू का?”

“कर की,” ती म्हणाली.

फोन ठेवून ती खिडकीशी बसली. खाली विश्वंभरची मुलं विमलच्या हाका न ऐकता बोळात धावत होती. तिने भात टाकला, एकटीपुरता. जेवणाआधी हात धुतले तरी बोटांना ग्रीसचा वास येत होता, आणि तिने दुसऱ्यांदा साबण लावला नाही.

पुढच्या रविवारी ती करजणला गेली नाही; रोज रोज कुणाच्या दारात जाणं बरं दिसत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र गेली.